घरच्या माणसाचं प्लास्टर

प्लास्टरमामा भित्रा माणूस होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नव्वद किलोचं धूड, पण भिंतीवर पाल दिसली की खुर्चीवर चढायचा, आणि लिफ्टमध्ये एकटा कधी गेला नाही. बायको म्हणायची, "अहो, तुम्हाला घाबरायला निमित्त लागत नाही, नुसती सवड लागते." पण हाच माणूस हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या प्लास्टरच्या खोलीत शिरला, पोटावर रबरी एप्रन बांधला, की त्याची भीती कुठल्या कुठे पळायची. तिथे एक उंच टेबल होतं, कोमट पाण्याची बादली होती, कापसाच्या गुंडाळ्या आणि प्लास्टरच्या पट्ट्यांचे डबे होते, आणि फरशीवर कितीही पुसले तरी न जाणारे पांढरे शिंतोडे होते. अठ्ठावीस वर्षं मोडके हातपाय त्या टेबलावर आले आणि मामाने ते बांधून पाठवले. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत.

मामाचं प्लास्टर सैल पडत नाही, अशी ख्याती होती. ती त्याला माहीत होती आणि चारचौघांत कोणी बोललं की तो लाजल्यासारखं करायचा, पण विषय बदलू द्यायचा नाही. नवे डॉक्टर हाडांच्या विभागात आले की पहिला महिना त्याच्या हाताखाली पट्ट्या भिजवायला शिकत. त्यांना तो एक नियम पहिल्याच दिवशी घोकून घ्यायचा. मोडलेलं ताजं असेल तर अर्धं प्लास्टर. म्हणजे मागून पन्हळीसारखा आधार आणि वरून नुसती साधी पट्टी. मोडलेला पाय पहिले दोन-तीन दिवस सुजतो, त्याला फुगायला जागा लागते. सूज उतरली की चार-पाच दिवसांनी पक्कं, चहूबाजूंनी बंद.

आणि हा नियम मोडणारा त्या हॉस्पिटलात एकच माणूस होता, तो म्हणजे स्वतः मामा. घरच्या माणसाला, ओळखीपाळखीच्यांना तो पहिल्याच दिवशी पक्कं घालून द्यायचा. दुसरी खेप कशाला, पुन्हा रांग कशाला? आत कापूस जरा जास्त लावायचा आणि काम उरकून टाकायचं. नर्सबाईंच्या वडिलांना असंच घातलं होतं, स्वयंपाक्याच्या बायकोला घातलं होतं. पाच-सहा जण झाले, कुणालाच काही झालं नाही. झालं नाही ते नशिबाने, पण मामाने ते आपल्या हाताच्या खात्यावर जमा केलं.

त्याला एक थोरली बहीण होती, नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं तिनेच केलेलं. ताई टपाल वाटायची. तीस वर्षं खांद्याला पिशवी लावून जिने चढत-उतरत होती, निवृत्त व्हायला दोन महिने राहिले होते. नवरा वारल्यापासून दोन खोल्यांत एकटी राहायची आणि कुणाकडून काही करून घ्यायची नाही. नव्वद किलोच्या भावाला अजून 'बारक्या' म्हणायची, तेही हॉस्पिटलात, सगळ्यांसमोर.

तर ही ताई एका सकाळी टपाल देऊन खाली येताना जिन्यावर घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. एक्स-रे निघाला, डॉक्टरांनी बघितला. या डॉक्टर म्हणजे दहा वर्षांपूर्वी मामाच्याच बादलीत पट्ट्या भिजवायला शिकलेली मुलगी, आता विभागाची मोठी सर्जन. म्हणाल्या, "हाड जागेवर आहे, ऑपरेशन नको. मामा, आज अर्धं घाला. पाय उशीवर ठेवायचा, चार दिवसांनी बघू." आणि त्या वर वॉर्डात निघून गेल्या.

मामाने ताईला मांडीपासून बोटांपर्यंत पक्कं घातलं. रुग्णवाहिकेतून उचलून आणलेली बहीण, तिला पुन्हा जिना उतरवून आणायची, त्यापेक्षा एकदाच होऊन जाऊ दे, एवढाच त्यात विचार. हात फिरवून फिरवून असं गुळगुळीत केलं की पोरं त्यावर चित्रं काढतील. ताई कौतुकाने बघत राहिली. "शाळेच्या वह्यांना असंच कव्हर घालायचास रे," ती म्हणाली. वह्यांना कव्हरं तीच घालून द्यायची, पण मामाने ते मान्य करून टाकलं.

त्या रात्री सोबतीला मामाची बायको ताईकडे राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मामा जेवणाच्या सुट्टीत ताईच्या घरी जिना चढून गेला, तर बायको दारातच उभी. 

"वन्संनी शपथ घातली होती तुम्हाला फोन करायचा नाही म्हणून," ती हळू आवाजात म्हणाली. "सकाळी सहापासून उशीचा कोपरा तोंडात धरून बसल्यात. गोळ्यांची पट्टी संपवली. मला म्हणतात, बारक्याने एवढं मन लावून बांधलंय, त्यात खोट काढू नकोस."

मामा आत गेला. ताई भिंतीला टेकून बसली होती. तिने हसून बघायचा प्रयत्न केला, पण ओठ पांढरे पडले होते. मामाने काही न विचारता प्लास्टरच्या टोकातून बाहेर आलेली बोटं पाहिली. फुगलेली, चकचकीत. हाताला गरम लागली. त्याने अंगठा धरून जरासा खाली वाकवला, आणि ताईच्या घशातून जो आवाज निघाला तो त्याने उभ्या आयुष्यात कधी ऐकला नव्हता. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या जागेला त्याने नखाने स्पर्श केला. ताई खिडकीबाहेर बघत होती. तिला कळलंच नाही.

 हे काय आहे ते मामाला पुरतं ठाऊक होतं, आणि तेच वाईट होतं. डॉक्टर शिकाऊ मुलांना सांगायच्या ते त्याने शंभरदा ऐकलं होतं. गुडघ्याखाली पायात चार बंद खोल्या असतात. त्यांच्या भिंती म्हणजे स्नायूंवरचं पांढरं, चिवट आवरण, ते ताणलं जात नाही. आत सूज वाढली की दाब वाढतो, रक्त आत शिरेनासं होतं आणि स्नायू गुदमरतात. बाहेरून प्लास्टर बंद असेल तर विचारायलाच नको. बोटं गरम राहतात, घोट्याजवळची नाडीही लागत राहते, आणि आत माणूस आपला पाय गमावत असतो. साधारण सहा तास हातात असतात. उपाय एकच, त्या भिंती चिरून खोल्या मोकळ्या करायच्या.

अशा ऑपरेशनात टेबलावर पाय धरून ठेवायचं काम मामाचंच असे. एकदा भिंतीखाली सापडलेला एक गवंडी दुसऱ्या दिवशी आला होता. डॉक्टरांनी आवरण चिरलं, तर आतून लाल स्नायू बाहेर यायच्या ऐवजी करडं, शिजवल्यासारखं काहीतरी दिसलं. चिमटा लावला, हललं नाही. आठवड्याने तो पाय मांडीतून काढावा लागला. तो काढतानाही मामानेच धरला होता, आणि मोकळा झाल्यावर तो पाय हातात किती जड लागला, ते त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

आता पावणेएक वाजला होता. सहा वाजल्यापासून मोजलं तर पावणेसात तास.

दोन शेजाऱ्यांनी मिळून ताईला खुर्चीतून खाली आणलं आणि मामा तिला रिक्षात घालून निघाला. बायकोला घर बंद करून मागून यायला सांगितलं. प्रत्येक खड्ड्याला ताई डोळे मिटायची. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिने भावाचा हात धरला.

"ऐक बारक्या. त्या डॉक्टरने अर्धं सांगितलं होतं, मी ऐकलंय. तू गेल्या गेल्या हे कापून टाक. उतरेल ठणका. कुणाला काही सांगत बसू नकोस."

"ताई, गप्प बस."

"गप्प तू बसायचंस. मी बोलेन काय बोलायचं ते."

प्लास्टरच्या खोलीत त्याने करवत हातात घेतली. ही करवत कातडीला कापत नाही, नुसती घरघरते, हे तो रोज दहा पोरांना हसत हसत दाखवायचा. आज तेवढी सवड नव्हती. दोन्ही बाजूंनी चिरून त्याने वरचा अर्धा भाग उचलला, खालचा कापूस कात्रीने कातडीपर्यंत कापला. पोटरी तुकतुकीत, लाकडासारखी टणक. ताईने एक लांब श्वास सोडला.

"बरं वाटलं," ती म्हणाली. खोटं बोलत होती, की थोडं खरंच वाटलं होतं, ते तिलाच माहीत.

डॉक्टरांना निरोप गेला होता, त्या ऑपरेशनचे हिरवे कपडे घालूनच आल्या. वर टेबलावर कंबरेचा एक रुग्ण घेतला होता, भूल द्यायची तयारी चालू होती. त्यांनी ताईचा पाय पाहिला. पाय मागच्या अर्ध्या प्लास्टरमध्ये ठेवलेला होता. चहूबाजूंनी बंद असलेलं प्लास्टर मधून कापून वरचा भाग काढला, की जे खाली उरतं ते हुबेहूब अर्ध्या प्लास्टरसारखं दिसतं. वरचा तुकडा टेबलामागच्या कचऱ्याच्या बादलीत पडला होता.

"अर्ध्यातसुद्धा एवढं आवळलं?" डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. "कधीपासून दुखतंय, ताई?"

"हे आत्ताच. तासभर झाला असेल," ताई म्हणाली. "पट्टी सोडल्यावर खूपच कमी आहे."

डॉक्टरांनी अंगठा धरून खाली वाकवला. "आता?"

"एवढं काही नाही हो."

ताईचा चेहरा अगदी शांत होता. पण चादरीखाली तिने मामाचं मनगट धरलं होतं आणि तिची नखं त्याच्या मांसात रुतत चालली होती. डॉक्टरांनी बोटांच्या मधल्या जागेला हात लावला आणि विचारलं, कळतंय का. ताई म्हणाली, हो, कळतंय की.

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. दाब मोजायचं यंत्र त्या हॉस्पिटलात नव्हतं. डॉक्टरांचा हात, रुग्णाचं बोलणं आणि भिंतीवरचं घड्याळ, यावरच ठरवायचं. "अर्धंच होतं आणि तासाभराचंच दुखणं असेल, तर सोडल्यावर उतरायला हवं," त्या म्हणाल्या. "पाय फार वर नको, पलंगाच्या पातळीलाच ठेवा. मी वरची केस आटोपून येते, दोन तासांत. नाही उतरलं तर कापू."

आणि त्या दाराकडे वळल्या.

मामाला पुढे कायम आठवत राहिलं ते हेच, की त्या वेळी तो काहीच बोलला नाही. दार उघडलं तरी नाही. त्याच्या डोळ्यांसमोर नोकरी होती, अठ्ठावीस वर्षं होती, 'मामा, तुम्ही?' असं म्हणणारे सगळे चेहरे होते.  भित्रा माणूस पाल बघून ओरडतो, पण खरी भीती वाटली की त्याच्या तोंडून आवाज फुटत नाही. डॉक्टर बाहेर गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत पोचला.

ताईने मनगट सोडलं. नखांच्या चार खुणांतून रक्त आलं होतं. मामाने ते पाहिलं आणि तो धावला. नव्वद किलोचा माणूस, कचऱ्याच्या बादलीत हात घालून प्लास्टरचा तो तुकडा उचलून, एप्रन फडफडवत, जिन्याकडे धावला.

"डॉक्टर! पक्कं होतं!"

डॉक्टर अर्ध्या जिन्यावर वळल्या.

"मी पक्कं घातलं होतं. तुम्ही सांगितलं ते घातलं नाही. हा बघा वरचा भाग." त्याने तो तुकडा दोन्ही हातांनी वर धरला. "आणि दुखतंय ते सकाळी सहापासून. ती खोटं बोलतेय, मला वाचवायला. तिला बोटांमधलं काही कळत नाही, मी पाहिलंय. सात तास होऊन गेले हो. तिचा पाय जाईल."

रांगेत बसलेली माणसं बघत होती.  डॉक्टर तिथूनच वर ओरडल्या, "भूल देऊ नका, केस टेबलावरून उतरवा! पायाचा ट्रे काढा!" मग जिना उतरून मामाच्या शेजारून जाताना थांबल्या. "आज तुम्ही आत यायचं नाही. पाय दुसरं कोणी धरेल."

मामा ऑपरेशनच्या दाराबाहेर बाकावर बसला. थोड्या वेळाने बायको आली आणि कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसली. आत काय चाललंय ते त्याला भिंतीतून दिसत होतं. आता बाहेरच्या बाजूने गुडघ्याखालपासून घोट्याच्या वर चार बोटांपर्यंत एक लांब चीर. तिच्यातून पुढची खोली आणि बाजूची खोली उघडायची, मधली नस सांभाळून. मग आतल्या बाजूने दुसरी चीर, तिच्यातून मागच्या दोन. आवरण थोडं कापून भागत नाही, लांबच्या लांब कात्री चालवावी लागते, नाहीतर उरलेल्या टोकाशी तेवढाच दाब राहतो. मग चिमटा. लाल असेल आणि उडाला, तर जिवंत. करडा असेल आणि उडाला नाही, तर. इथे आला की तो पुन्हा पहिल्या चिरेपासून सुरू करायचा.

"काय पुटपुटताय?" बायकोने विचारलं.

"काही नाही. भीती वाटते गं."

"मलाही वाटते," ती म्हणाली. एरवी तिने थट्टा केली असती.

तासाने डॉक्टर बाहेर आल्या. टोपीखाली घाम होता. "तीन खोल्या चांगल्या आहेत. उघडल्या उघडल्या लाल झाल्या. पुढच्या खोलीतला काही भाग मेलाय, तो काढला. काही भागाचं सांगता येत नाही, त्याला दोन दिवस देते. जखमा उघड्याच ठेवल्यात, परवा पुन्हा आत जाऊन बघेन." त्या जायला निघाल्या आणि थांबल्या. "दोन तासांनी आले असते तर मी काय बघितलं असतं, ते तुम्हाला सांगायला नको. कागदावर सगळं लिहिणार आहे मी, मामा."

"लिहा," मामा म्हणाला. त्याला रडू फुटलं ते तेव्हा, आणि ते बराच वेळ थांबेना.

ते दोन दिवस मामा जेवला नाही म्हटलं तरी चालेल. परवा डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. शंका होती त्यातला निम्मा भाग जगला, निम्मा काढावा लागला. जखमांच्या कडांना रबरी दोरे बुटाच्या नाड्यांसारखे ओवून रोज थोडे थोडे ओढत आतली चीर मिटवली. बाहेरची मिटेना, तिथे मांडीची कातडी लावली. पाय राहिला. पण पाऊल वर उचलायची ताकद गेली ती गेलीच, चालताना पुढचा भाग खाली लोंबणार होता. टपालाची पिशवी दोन महिने आधीच सुटली. चौकशी झाली, मामाला लेखी ताकीद मिळाली आणि यापुढे डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्याने घातलेलं एकही प्लास्टर खोलीबाहेर जायचं नाही असं ठरलं. त्याने ते निमूट ऐकलं. खरं तर त्याला आता पट्टी हातात घेतली की धडधडायला लागायचं, आणि कुणीतरी तपासतंय याचाच आधार वाटायचा. घरच्या माणसांना तर तो हातच लावेना.

चार महिन्यांत कातडी धरली, हाडही जुळलं. लोंबणारं पाऊल काटकोनात धरून ठेवायला मागून एक हलका आधार बनवायचा होता, पायाच्या मापाचा. डॉक्टर म्हणाल्या, नवा मुलगा बनवेल. ताई टेबलावर बसली होती. "माझ्या पायाला बारक्याशिवाय कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"ताई, मला नाही जमणार," मामा म्हणाला.

"का? विसरलास?"

डॉक्टर हाताची घडी घालून दारात उभ्या राहिल्या. मामाने पट्ट्या भिजवल्या, थर लावले, पोटरीमागे धरून ठेवले. चिरांच्या त्या खाचा आणि त्या नव्या कातडीच्या फिकट चौकोनाकडे त्याला बघवत नव्हतं, पण बघितल्याशिवाय मापही घेता येत नव्हतं. आधार वाळला. मग वरून साधी पट्टी गुंडाळायला घेतली. इतकं जपून गुंडाळत होता की दोन वेढ्यांना त्याला मिनिटभर लागलं.

"घट्ट होतंय," ताई म्हणाली.

मामाने हात थांबवला. त्याने बघितलं. पट्टी इतकी सैल होती की खालून अख्खा हात गेला असता. त्याने मान वर करून ताईकडे पाहिलं. सकाळी सहापासून उशी चावत बसणारी, नखं रुतवून 'एवढं काही नाही' म्हणणारी ही बाई त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती.

"खरंच घट्ट होतंय?"

"मी सांगतेय ना? सोड."

मामाने पट्टी सगळी सोडली, आणि पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.